तीन वेढे कमी

माझा स्वभाव तिरसट आहे असं भडगावात सगळे म्हणतात, आणि खोटं नाही म्हणत. मोटरीची तार, बुश, बेअरिंग विकण्यात चाळीस वर्षं गेली, पण गिऱ्हाईकाशी गोड बोलणं काही मला जमलं नाही. तरी एका माणसाबद्दल मी आजवर वाकडा शब्द काढलेला नाही. तो म्हणजे माझ्या गाळ्याला लागून बसणारा नासीर पिंजारी. आणि ज्यांनी त्याच्या कामाची माती केली त्यांच्याबद्दल चांगला शब्द काढायचा माझा विचार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नासीर मोटरी भरतो. बोअरमधली मोटर जळाली की तिच्या पोटातली जळकी तार कापून काढायची आणि नवी भरायची, हा त्याचा धंदा. त्यात सगळा जीव आकड्यांत असतो. कोणत्या कंपनीच्या कोणत्या मोटरीला किती जाडीची तार, एका खाचेत किती वेढे. वेढे कमी भरले तर मोटर चालू होते, पाणीही देते, मालक खूश होऊन घरी जातो. मग ती आतल्या आत तापत राहते आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा जळते. म्हणून मिस्त्री लोकांची आकड्यांची वही म्हणजे सोनं. जुने मिस्त्री ती पेटीत कुलूप लावून ठेवत आणि मेल्यावरच सोडत.

नासीर हे काम धुळ्याला गफूर उस्तादांकडे शिकला. सात वर्षं त्यांच्याकडे होता, पण वहीला हात लावायची प्राज्ञा नव्हती. उस्ताद तोंडानं सांगायचे, "बावीस घे," आणि नासीर बावीस वेढे घ्यायचा; शेकडो मोटरींचे आकडे, डोक्यात राहत नसत. चौऱ्याण्णव साली उस्ताद काम करता करता बसल्या जागी गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोनं, सुगराबीनं, चाळिसाव्याच्या दिवशी नासीरला बोलावलं, वही त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, बेटा, आता हे तुझं. वही छातीशी धरून हा भडगावला आला आणि माझ्या शेजारी गाळा घेतला. बावीस वर्षांचं पोरगं, मिशीही नीट फुटलेली नव्हती.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं भरलेल्या सात मोटरी जळाल्या.

पहिली भागाबाईची होती. गिरणेच्या काठाला तिची लिंबाची बाग, नवरा नाही, पोरगी सासरी. तिची मोटर यानं तीनदा भरली आणि तिन्ही वेळा जळाली. चौथ्यांदा बाई आली ती मोटर घेऊन नाही, लिंबाची वाळकी फांदी घेऊन आली. गाळ्याच्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, "तीनदा काढी, तीनदा टाकी. मना बठ्ठा बाग सुकी गया. आते काय करू, सांग." सगळी बाग सुकली होती तिची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरगं तिच्या पायाशी बसून रडलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

चूक कुठं होती? जुन्या उस्तादांची एक रीत होती, ती आम्हाला मागाहून कळली. वहीत प्रत्येक आकडा तीननं कमी लिहायचा. वही चोरणारा चोर त्याप्रमाणे मोटर भरेल, ती जळेल आणि त्याचं नाव गावातून उठेल. खऱ्या वारसाला मरताना कानात सांगायचं, तीन मिळव. गफूर उस्तादांना सांगायला वेळच मिळाला नाही. आणि नासीरचा उस्तादांवर एवढा भरवसा की जळकी तार कापण्याआधी तिचे जुने वेढे मोजायचे असतात, तेही यानं केलं नाही. वही आहे ना, मग मोजायचं कशाला? आठव्या मोटरीला त्याला शंका आली. अंगठ्यानं एक एक तार बाजूला करत त्यानं मोजलं. वहीत एकोणीस, हातात बावीस. दुसरी उघडली. वहीत पस्तीस, हातात अडतीस.

त्या दिवसापासून त्यानं दोन गोष्टी धरल्या त्या आजतागायत सोडल्या नाहीत. स्वतःच्या अंगठ्यानं मोजल्याशिवाय एकही आकडा लिहायचा नाही. आणि लिहिलेली वही सुतळीला बांधून गाळ्याच्या खिळ्याला टांगायची, ज्याला पाहिजे त्यानं उतरवून घ्यावं. एरंडोलचे मिस्त्री यायचे, चाळीसगावचे यायचे, पार शिरपूरहून यायचे. मी त्याला शंभरदा म्हटलं, अरे येड्या, तू तुझीच गिऱ्हाइकं वाटतोयस. तो म्हणायचा, "आबा, ज्याची मोटर जळते त्यानं वही चोरलेली नसते." मी चहा सांगायचो.

त्याची मुलगी रूही धुळ्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं दोन हजार पंधरा साली बापाची वही वेबसाइटवर चढवली. नावही तेच ठेवलं, नासीर मिस्त्रीची वही. हजारावर मोटरी, प्रत्येकीचे चार-चार फोटो, आकडे मराठीत. जाहिरात नाही, पैसे नाहीत, नाव-गाव विचारणं नाही. वर्षाचा खर्च एका मोटरीच्या भराईइतका, तो नासीर आपल्या खिशातून भरायचा. पहूरचा अभिमन नावाचा मिस्त्री मला एकदा म्हणाला, मी बोअरवर उभा राहून मोबाइलमध्ये आकडा बघतो, माझं अर्धं आयुष्य वाचलं. दिवसाला तीनशे मिस्त्री ती वही उघडत. दहा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

त्या वेबसाइटवर एक पान वेगळं होतं. गफूर उस्तादांची जुनी वही, पानांचे फोटो आणि खाली तेच आकडे टाइप करून. उस्तादांची आठवण म्हणून ठेवलेलं. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, हे आकडे वापरू नका, प्रत्येकात तीन कमी आहेत, त्याची हकीकत अशी. ज्याला वाचता येतं त्याला ते कळत होतं. आठवी नापास मिस्त्रींनासुद्धा कळत होतं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीपासून वही उघडायला वेळ लागायला लागला. मग मध्येच बंद पडायची. रूहीनं कोण येतं-जातं त्याची यादी काढली आणि सुट्टीत आली तेव्हा माझ्या दुकानात बसून समजावून सांगितली. ती एआय का फेआय बनवणाऱ्या कंपन्यांना आपल्या यंत्राला जगातलं लिहिलेलं सगळं खाऊ घालायचं असतं. त्यासाठी त्यांची यंत्रं साइट-साइट फिरतात आणि असेल ते उचलतात. माणसं तीनशे आणि ही यंत्रं एका दिवसात अकरा लाख वेळा. एका मोटरीचा एकच फोटो दिवसभरात चार हजार वेळा नेलेला.

मी विचारलं, "एकदा नेला तर पुरत नाही का?"

"त्यांना लक्षात राहत नाही, आबा. किंवा पर्वा नसते. त्यांना फुकट आहे, भार आपल्यावर पडतो."

बघा, चोरसुद्धा एका घरात चार हजार वेळा शिरत नाही. त्याला तेवढी लाज असते, निदान कंटाळा तरी येतो. आणि हे जगातले सगळ्यात हुशार म्हणवणारे लोक. भाषणं काय, कोटातले फोटो काय, माणसाचं भलं करायला निघालेत म्हणे. आणि शिरायचं कुठं, तर पिंजाऱ्याच्या वहीत. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी ऐकले होते, हे जित्याचंही सोडत नाहीत.

रूहीनं दारावर पाटी लावली. वेबसाइटला तशी पाटी असते म्हणे, यंत्रांनी येऊ नये अशी. काहींनी वाचली नाही, काहींनी वाचली आणि खुशाल आत आले. तिनं नावं बघून अडवली तर ते नावं बदलून आले. कधी ब्राझीलच्या कुणाच्या घरून, कधी व्हिएतनामच्या. शेवटी तिनं दारात एक परीक्षा बसवली, चित्रं ओळखा आणि मग आत या. झालं काय, की ग्रीसनं भरलेल्या हातानं फुटक्या मोबाइलवर आमचे मिस्त्री त्या परीक्षेत नापास व्हायला लागले आणि यंत्रं पहिल्या नंबरानं पास. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ते असं. तिनं परीक्षा काढून टाकली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वही बंद झाली. ज्या कंपनीच्या जागेवर ती ठेवली होती तिनं खातं स्थगित केलं. खानदेशात एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको. पारा पंचेचाळीसला, विजेचा दाब कमी, केळीला पाणी रोज, आणि मोटरी सगळ्यात जास्त जळायच्या त्या याच महिन्यात. नासीरनं कंपनीला फोन लावला, स्पीकरवर, मी शेजारीच होतो.

पलीकडून गोड आवाजाचा एक मुलगा बोलला, "सर, अभिनंदन, तुमच्या साइटला खूप छान ट्रॅफिक आहे."

नासीर म्हणाला, "बेटा, ती माणसं नाहीत."

"हो सर, पण ट्रॅफिक म्हणजे ट्रॅफिक. तुम्हाला मोठा प्लॅन घ्यावा लागेल. आताच्या बारापट. त्यात एआय असिस्टंट फ्री मिळतो, सर."

मी फोन हिसकावून त्या मुलाला दोन शब्द सुनावले. ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. नासीरनं फोन परत घेतला आणि त्या मुलाची माफी मागितली. असा हा माणूस. बारापट भरायची त्याची ऐपत नव्हती, आणि असती तरी पुढच्या महिन्यात ते चोवीसपट झाले असते. रूहीनं दुसरी जागा शोधायला घेतली. तोवर नासीरनं आपली हातानं लिहिलेली वही पुन्हा खिळ्याला टांगली. पण पहूरचा माणूस एका आकड्यासाठी भडगावला कसा येणार, आणि दिवसाला तीनशे फोन हा एकटा कसा उचलणार?

आमच्या समोर भूपेंद्रचं फॉर्म भरण्याचं केंद्र आहे. सात-बारा, पीकविमा, आधार, सगळं तोच. उंटावरचा शहाणा. तो म्हणाला, "नासीरचाचा, आता वहीची गरजच काय? एआयला विचारायचं. मराठीत सांगतो." आणि तो हे नुसतं आम्हालाच नाही, मिस्त्रींच्या ग्रुपवरही लिहून मोकळा झाला. लोकही असे की बारा रुपयांचा बुश घेताना माझ्याशी अर्धा तास हुज्जत घालतील, पण मोबाइलनं सांगितलं की मान डोलावतील.

मे महिन्याच्या मध्यावर पहूरचा अभिमन छोटा हत्ती टेम्पोत जळकी मोटर टाकून आला. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर. उतरवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "नासीरभाई, तुमच्या आकड्यानं भरली होती. दोनदा भरली, दोनदा जळाली. केळीवाला मालक दारात येऊन बसलाय. चार हजार खोडांची बाग, घड पिवळे पडून गळायला लागलेत. गावात माझं तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"बावीस घेतलेस ना?" नासीरनं विचारलं.

"एकोणीस."

नासीरनं पाना उचलला. त्यानं मोटर उघडली, जळक्या तारा अंगठ्यानं एकेक बाजूला करत मोजल्या. एकोणीस. पुन्हा मोजल्या. मग अभिमनकडे न बघता विचारलं, "हा आकडा कुठून आणलास?"

अभिमननं मोबाइल पुढं केला. यंत्राला विचारलं होतं, अमुक कंपनीची साडेसातची मोटर, खाचेत वेढे किती. यंत्रानं काय सुंदर मराठीत उत्तर दिलं होतं. नमस्कार, नक्कीच मदत करतो, एकोणीस वेढे घ्यावेत, काम करताना सुरक्षिततेची काळजी घ्या. खाली फुलाचं चित्र. कुठून घेतलं त्याचा पत्ता नाही. पण खानदेशात हा आकडा एकाच ठिकाणी लिहिलेला होता आणि अभिमननं आपलं समजून घेतलं की नासीरभाईचंच आतून येत असणार.

रूहीला फोन लावला. तिनं ती आल्या-गेल्याची यादी काढून बघितली. मग म्हणाली, "अब्बा, उस्तादांचं पान नेलंय त्यांनी. आकडे घेतले आणि वरची सूचना सोडून दिली."

अकरा लाख वेळा आले, आणि त्यांना तीन ओळी वाचता आल्या नाहीत. चोरी करायची तर निदान अक्कल लावून करावी. गफूर उस्तादांनी चोरासाठी म्हणून तीन कमी लिहिले होते, आणि तीस वर्षांनी चोर आलाच. पण त्याची मोटर जळाली नाही. त्याचं गावातून नाव उठलं नाही. त्याच्या शेअरचा भाव वाढला. जळाली ती पहूरच्या बोअरमधली मोटर.

समोरून आलेल्या भूपेंद्रचा चेहरा पडला होता. त्यानं यंत्राला लिहिलं, तुझं उत्तर चूक आहे, बावीस पाहिजे. यंत्र म्हणालं, तुम्ही अगदी बरोबर आहात, क्षमस्व, योग्य आकडा बावीसच. भूपेंद्र खूश. त्याच मिनिटाला अभिमननं आपल्या मोबाइलवरून तेच विचारलं. एकोणीस. मी भूपेंद्रला म्हटलं, तुझा हा पंडित पुढाऱ्यासारखा आहे, समोर असेल त्याला हो म्हणतो.

नासीरनं अभिमनची मोटर तिथल्या तिथं भरून दिली, दुपारचं जेवणही घेतलं नाही. मजुरीला हात लावला नाही. तारेचे पैसे मीही घेतले नाहीत, आणि मी फुकट काही देत नाही हे भडगावला ठाऊक आहे.

दोन दिवसांनी रूही आली. तिनं एक उपाय आणला होता. नव्या जागी वेबसाइट चालू करताना सापळा लावता येतो, माणसाला खरं पान दिसेल आणि यंत्राला खोटं. हजार मोटरींचे हजार खोटे आकडे. यंत्र ते गिळेल आणि आपोआप बदनाम होईल. काही लोक असं करतात म्हणे.

मी म्हटलं, "लाव पोरी, आजच लाव. तीन कशाला, तेरा कमी कर. खाऊ दे त्यांना." मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

नासीर रेतीकागदानं बुश घासत होता. घासता घासताच बोलला, "आबा, खोटा आकडा कंपनीला जाईल. पण कंपनीला बोअर आहे का? बोअर भागाबाईला आहे. उस्तादांनी हेच केलं होतं. चोराला शिक्षा म्हणून लिहिलं आणि बाग कुणाची गेली ते तुम्ही पाहिलंय."

मी मान खाली घातली. माझा राग मला प्यारा आहे, पण त्या दिवशी तो मला जरा स्वस्त वाटला.

"मग काय करायचं, अब्बा?" रूहीनं विचारलं.

"काढून टाक. सगळं. दुसरी जागाही बघू नको. मी मोजलेलं कुणी अर्धंच वाचून सांगणार असेल तर मला ते उघड्यावर ठेवायचं नाही."

दहा वर्षांचं काम तिनं माझ्या काउंटरवर लॅपटॉप ठेवून पुसलं. पुसायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. नासीर बघायला आला नाही. पलीकडून बुश घासल्याचा आवाज येत होता.

मला वाटलं, इथं संपलं. जुलैत एके सकाळी भूपेंद्र पेढ्यांचा पुडा घेऊन आला. म्हणाला, मी कंपनीला सारख्या तक्रारी लिहीत होतो, त्यांनी ऐकलं, चाचांचं नाव दिलं. त्यानं मोबाइल दाखवला. उत्तर तेच होतं, एकोणीस. फुलाच्या चित्राच्या वर आता एक ओळ जास्त होती. आधार, नासीर मिस्त्रीची वही, भडगाव.

आधी चोरलं तेव्हा निदान नाव घेतलं नव्हतं. आता त्या खोट्या आकड्यावर त्याचं नाव ठोकलं, आणि खरं काय ते बघायला वेबसाइटवर वहीच शिल्लक नाही. तीस वर्षं या माणसानं आपल्या नावापासून ते तीन वेढे लांब ठेवले होते. नासीरनं वाचलं, मोबाइल भूपेंद्रच्या हातात परत दिला आणि पेढा न घेता आत गेला. भूपेंद्र मला विचारतो, "आबा, मी काय चुकलो?" मी त्याला पुड्यासकट रस्त्यावर घातला.

आता फोन येतात, नंबर गावात विचारून काढतात. नाव आल्यापासून जास्तच. कुणी नंदुरबारहून, कुणी मध्य प्रदेशातून, जे कधी वहीवर आले नव्हते तेसुद्धा. तुमचा आकडा बघितला, मोटर जळाली, म्हणतात. काही चांगल्या शब्दांत सांगतात, काही आईवर जातात. नासीर प्रत्येकाचं ऐकून घेतो. मोटरीचं नाव विचारतो, खिळ्यावरची वही उतरवतो, पान काढतो, सांगतो आणि लिहून घ्यायला लावतो. फोन ठेवेपर्यंत दुसरा वाजतो.

मागच्या सोमवारी त्याच्या गाळ्यात पाच मोटरी उघड्या पडल्या होत्या आणि त्यातल्या एकीलाही त्यानं हात लावला नाही. मी चहा घेऊन गेलो तर कानाला फोन, मांडीवर वही, आणि अंगठा सवयीनं हवेतच तारा मोजतोय. "बावीस," तो सांगत होता. "एकोणीस नाही, भाऊ. बावीस. हो, मीच तो. लिहून घे, बावीस."